जेहान दारूवाला आणि वर्षभराची शर्यत

शिरूर तालुक्यातल्या माणसाला शर्यत म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज नाही. वढू बुद्रुकपासून घोडनदीपर्यंत बैलगाड्यांचा नाद ठाऊक नाही असा गाव विरळाच. गाडा घाटात सुटला, की काही सेकंदांत बारी संपते आणि गुलाल कुणाचा ते ठरते. मोटारींच्या शर्यतीतही राज्य सेकंदांचेच. पण तिथे एका दिवसाचा गुलाल पुरत नाही. कसा, ते मुंबईच्या एका तरुणाच्या उदाहरणावरून पाहू.

जेहान दारूवाला याचा जन्म मुंबईत 1 ऑक्टोबर 1998 रोजी एका पारशी कुटुंबात झाला. 2011 साली फोर्स इंडिया संघाने देशभरातून होतकरू मुले निवडली, त्यांत हा तेरा वर्षांचा मुलगा होता. या खेळाची बालवाडी म्हणजे कार्टिंग. जमिनीला जवळजवळ टेकलेली, बिनछपराची छोटी गाडी असते. तीत वळण कुठे घ्यायचे आणि ब्रेक कधी दाबायचा हे अंगवळणी पडते. पुढच्या इयत्ता मात्र परदेशात, आणि खर्च असा की नुसत्या हौसेवर भागत नाही. 2017 मध्ये जेहानने न्यूझीलंड ग्रांप्री जिंकली. 2019 मध्ये फॉर्म्युला थ्रीच्या जागतिक मालिकेत तो तिसरा आला. मग 2020 मध्ये फॉर्म्युला टू, म्हणजे फॉर्म्युला वनच्या उंबरठ्याची पायरी.

त्या वर्षीची शेवटची शर्यत 6 डिसेंबरला बहरीनमधील साखीर येथे होती. तेव्हा छोट्या शर्यतीत एक गंमत असे : आदल्या दिवशीच्या पहिल्या आठ जणांना उलट्या क्रमाने उभे करत. सातवा आलेला जेहान त्यामुळे दुसऱ्या जागेवर होता. सुरुवातीलाच तो आणि डॅन टिक्टम एकमेकांशी झुंजले आणि मिक शुमाकर दोघांच्या पुढे निघून गेला. आता तुम्ही म्हणाल, जोरात दामटायची की गाडी! पण पुढच्या गाडीने ढवळलेल्या हवेत मागच्या गाडीची जमिनीवरची पकड सुटते, चाके घसरतात, टायर तापतात आणि लवकर झिजतात. शुमाकरच्याच टायरांची पुढे दशा झाली आणि तो पार मागे पडला. जेहानने दम धरला, संधी साधली आणि शर्यत जिंकली. फॉर्म्युला टूमध्ये जिंकलेला तो पहिला भारतीय. दुसरा आला त्याच्याच कार्लिन संघातला जपानी युकी त्सुनोदा.

आणि खरी गोष्ट इथेच आहे. पुढल्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये गेला तो त्सुनोदा, जेहान नव्हे! हा अन्याय म्हणायचा का? मला तसे वाटत नाही. त्सुनोदा वर्षभराच्या गुणांत तिसरा होता, जेहान बारावा. फॉर्म्युला वनसाठी जो खास परवाना लागतो, त्याला तीन वर्षांत 40 गुण मिळवावे लागतात. फॉर्म्युला टूमध्ये पहिल्या तिघांना हे 40 गुण एकाच वर्षात मिळतात; सातव्याला मिळतात अवघे 8. गुण जमले तरी जागा हवीच. तेव्हा फॉर्म्युला वनमध्ये संघ दहा, प्रत्येकाच्या गाड्या दोन : सगळ्या जगासाठी वीस आसने. नारायण कार्तिकेयन 2005 मध्ये आणि करुण चंधोक 2010 मध्ये तिथवर पोहोचले, यावरून त्यांची मातब्बरी कळावी.

जेहान 2021 आणि 2022 अशी दोन्ही वर्षे सातवा राहिला. साखीरचा विजय उलट्या क्रमाच्या कृपेचा, असे म्हणणाऱ्यांना त्याने सप्टेंबर 2022 मध्ये इटलीतल्या मोंझा येथे उत्तर दिले. तिथे त्याने मुख्य शर्यतच जिंकली. त्याच वर्षी मॅक्लारेनने त्याला चाचणीसाठी आपली फॉर्म्युला वन गाडी चालवायला दिली. फॉर्म्युला टूमधले त्याचे एकंदर विजय चार.

2024 च्या हंगामात तो मासेराती संघातून फॉर्म्युला ई मध्ये उतरला. या गाड्या विजेवर धावतात. तिथे बॅटरीतला साठा शेवटच्या फेरीपर्यंत पुरवावा लागतो, म्हणून चालक वळण येण्याआधीच पाय सैल सोडतो. गाडी मंदावते आणि मंदावताना थोडी वीज परत बॅटरीत जाते.