संगणकाला पाणी पाजण्याआधी

घरात संगणक आला की तो बहुधा हॉलच्या कोपऱ्यात, टेबलाखाली विसावतो. त्याच्या उभ्या डब्याला आपण सर्रास ‘सीपीयू’ म्हणतो. खरे तर सीपीयू म्हणजे आतली काडेपेटीएवढी चिप, आणि बाहेरचा डबा म्हणजे कॅबिनेट. एप्रिल-मे उजाडला की हा डबा घरघरू लागतो. मग घरातला इंजिनिअरिंगचा विद्यार्थी एक दिवस जाहीर करतो, ‘मी कॅबिनेट कापून वॉटर कूलिंग बसवणार.’ वडील खर्च विचारतात, आईला शॉक लागण्याची भीती वाटते, आणि कन्नड बोलणारी आजी असेल तर ‘नीरु’ आणि ‘करंट’ हे दोन शब्द एकत्र ऐकताच ती एकाच शब्दात निकाल देते: ‘ब्याड!’

आजीची भीती अनाठायी नाही. पण नुसत्या नकाराने मुलाची हौस जात नाही, ती चोरून पुरी होते. आणि विजेचे काम चोरून होणे हेच सर्वांत धोक्याचे. म्हणून हा प्रकार नेमका काय आहे, तो कोणाला लागतो आणि करायचाच तर कसा करायचा, हे घरातल्या मोठ्यांनीही समजून घेतलेले बरे.

उष्णता येते कुठून?

प्रोसेसर जेवढी वीज खातो, तेवढी जवळजवळ सगळी उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकतो. १९९०च्या सुमाराचे ४८६ प्रोसेसर जेमतेम काही वॅट वीज घेत. २००४ साली आलेल्या पेन्टियम ४ मालिकेतल्या काही चिपांनी १०० वॅटचा आकडा ओलांडला, म्हणजे काडेपेटीएवढ्या जागेत जुना शंभराचा बल्ब! आजचा साधा घरगुती प्रोसेसर ६५ वॅटच्या वर्गातला असतो. पण इंटेलच्या चौदाव्या पिढीतला सर्वांत वरचा आय-९ पूर्ण जोरात २५३ वॅटपर्यंत जातो. मोठी ग्राफिक्स कार्डे तर ४५० वॅट घेतात. चिपचे तापमान ९५ ते १०० अंशांवर गेले की ती स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. ‘कॉम्प्युटर उन्हाळ्यात मंद होतो’ ही तक्रार म्हणूनच नेहमी भ्रम नसते.

मडके आणि रेडिएटर

ही उष्णता चिपवरून हलवायला हवा किंवा पाणी वापरतात. एक लिटर पाणी एका अंशाने तापायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्याच आकारमानाच्या हवेला तिचा सुमारे साडेतीन हजारावा भाग पुरतो. म्हणजे पाणी हा फार ताकदीचा हमाल आहे. शेतकऱ्याला हे नवे नाही. ट्रॅक्टरच्या इंजिनाभोवती पाणी खेळते, तापते, पुढच्या रेडिएटरमध्ये जाते, पंखा त्याला वारा घालतो आणि निवलेले पाणी परत इंजिनाकडे येते. संगणकात अगदी हेच, फक्त छोट्या मापात. चिपवर तांब्याचा पोकळ ठोकळा बसतो, छोटा पंप पाणी फिरवतो, आणि कॅबिनेटच्या पुढच्या किंवा वरच्या बाजूला पंखे लावलेला रेडिएटर असतो. तांबेच का, हे न्हाणीघरातला बंब पाहिलेल्या घरात सांगायला नको.

इथे एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. खानापूर हा मातीचा गाव. इथली कौले आणि कुंभारकाम सगळीकडे ठाऊक आहे. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्थाही इथलीच. मराठीत मडके, कन्नडमध्ये मडिके. शब्दही सख्खे आणि आतले थंडगार पाणीही तेच. मडक्याच्या अंगातून पाणी झिरपते, त्याची वाफ होते आणि ती उष्णता घेऊन जाते, म्हणून आतले पाणी खोलीतल्या हवेपेक्षा गार होते. संगणकातले पाणी बंद नळीत फिरते, त्याची वाफ होत नाही. त्यामुळे ते खोलीपेक्षा गार कधीच होत नाही, चार-दहा अंश गरमच राहते. याचा एक फायदा आहे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीही ओल्या होतात, तेव्हा नळ्यांवर दव धरेल का, असे विचारले जाते. धरणार नाही, दव फक्त हवेपेक्षा गार वस्तूवर धरते. मात्र कोणी हुशारी करून त्यात बर्फाचे पाणी सोडले, तर दव मदरबोर्डवर ठिबकेल.

हमाल ओझे हलवतो, पण उतरवायला जागा लागतेच. घरगुती जोडणीत अर्धा लिटर पाणी असते असे धरू. चिप २५० वॅट टाकत असेल आणि रेडिएटरचे पंखे बंद पडले, तर ते पाणी दर आठ सेकंदांना सुमारे एक अंश तापेल. तीन मिनिटांच्या आत वीस अंश! थंड करण्याचे खरे काम रेडिएटर आणि त्यावरून जाणारी हवा करते. हवा जायला वाट नसेल, तर पाणी घालून काही उपयोग नाही.

पुणे आणि बेंगळुरू

पाण्यावरचे संगणक म्हणजे पोरखेळ, असे वाटत असेल तर आपल्या मुलांच्या शिक्षणाच्या दोन गावांकडे पाहावे. सी-डॅक ही संस्था १९८८ मध्ये पुण्यात सुरू झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा राहिला. पुढे त्याच घराण्यातला ‘परम ब्रह्म’ २०१९ मध्ये पुण्याच्या आयसर संस्थेत बसला. सुरुवातीला सेकंदाला सुमारे आठ लाख अब्ज गणिते करणाऱ्या या यंत्रात थेट चिपपर्यंत पाणी नेऊन उष्णता काढण्याची रचना आहे. २०२२ मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत ‘परम प्रवेग’ सुरू झाला. त्याची क्षमता ३.३ पेटाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला ३३ लाख अब्ज गणिते. आणि तोही द्रवानेच निववला जातो. एक महाराष्ट्रात, एक कर्नाटकात. दोन्हीकडे तत्त्व तेच, जे आपला मुलगा टेबलाखाली करू पाहतो.

फरक एवढाच, की तिथे चोवीस तास हजारो चिपा राबतात. आपल्या घरात काय चालते? लेखन, ऑनलाइन अर्ज, हिशेब, थोडे चित्रपट. एवढ्या कामाला पाण्याची मुळीच गरज नाही. व्हिडिओ संपादन, त्रिमितीय आराखडे किंवा मोठे खेळ तासन् तास चालत असतील, तरच विचार करावा. आणि तेव्हाही बाजारात दीड-दोन हजारांत मिळणारा चांगला हवेचा कूलर बऱ्याच प्रोसेसरना पुरतो. कारखान्यातच पाणी भरून सीलबंद केलेला संच साधारण पाच हजारांपासून मिळतो. नळ्या, पंप, टाकी वेगवेगळे घेऊन स्वतः जोडायचे तर खर्च सहज वीस-पंचवीस हजारांच्या पुढे जातो.

आधी झाडलोट, मग तारा

म्हणून पहिली पायरी फुकटची. संगणक बंद करून प्लग काढावा, चालू करायचे बटण एकदा दाबून उरलेला भार संपू द्यावा आणि कॅबिनेटची बाजू उघडावी. उन्हाळ्यातली लाल धूळ पंख्यांवर आणि हीटसिंकच्या पात्यांत गादीसारखी बसलेली दिसेल. मऊ ब्रश आणि हवेच्या फुंकरीने ती काढावी. पंखा बोटाने धरून ठेवावा, गरगर फिरू देऊ नये. काही वर्षांचा संगणक असेल तर चिपवरची वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी. पुढून हवा आत आणि मागून बाहेर, अशी पंख्यांची दिशा आहे ना, तेही पाहावे. एवढ्यानेच अनेकदा घरघर थांबते. वीज पुरवणारा एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युत भार उरतो.

दुसरी पायरी तारांची. जाड तारा मदरबोर्डच्या पत्र्यामागून न्याव्यात, जिथे लागतात तिथेच पुढे काढाव्यात आणि पट्ट्यांनी सैलसर बांधाव्यात. वेलक्रोच्या पट्ट्या बऱ्या. पुन्हा सोडता येतात. नीट बांधलेल्या तारांनी तापमान फार उतरते असे नाही, पण तार पंख्यात अडकत नाही, धूळ काढणे सोपे होते आणि बिघाड झाला की कोणती तार कुठे जाते हे लगेच दिसते. कौलारू घरात आणखी एक लाभ: उंदराला घरटे करायला गुंता मिळत नाही. कॅबिनेटच्या मागच्या रिकाम्या फटी पत्र्याच्या पट्ट्यांनी बंद कराव्यात, म्हणजे पालीही आत जात नाहीत.

पत्रा कापताना

तरीही पाणी हवेच असेल आणि कॅबिनेटमध्ये रेडिएटरला जागा नसेल, तर पत्रा कापावा लागतो. १२० मिलिमीटरच्या पंख्याची स्क्रूची भोके एकमेकांपासून १०५ मिलिमीटरवर असतात. हे माप आधी पुठ्ठ्यावर काढावे, पुठ्ठा कॅबिनेटला लावून पाहावा आणि मगच पत्र्यावर खूण करावी. कापण्याआधी आतला प्रत्येक भाग बाहेर काढायलाच हवा. लोखंडाचा एक बारीक कीस मदरबोर्डवर राहिला तरी शॉर्ट सर्किट होऊ शकते. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे. कडा कानशीने घासून, रंग लावून, जिथून तार किंवा नळी जाते तिथे रबराची कडी बसवावी. पहिला प्रयोग भंगारातल्या जुन्या कॅबिनेटवर करावा. घरी ड्रिल नसेल तर बेळगावच्या उद्यमबागेत पत्र्याचे काम करणाऱ्या वर्कशॉपांची वाण नाही.

जोडणीत डिस्टिल्ड पाणी आणि गंज व शेवाळ रोखणारे द्रव्य वापरावे. विहिरीचे किंवा नळाचे पाणी नको. तांबे आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात आणू नयेत, नाहीतर ॲल्युमिनियम खाल्ले जाते. पंप सर्वांत उंचावर नसावा, तिथे हवा साचते. आणि शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची: मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डाची वीज तोडून, एसएमपीएसला जंपर लावून फक्त पंप चोवीस तास चालवावा. प्रत्येक जोडाखाली टिपकागद ठेवावा. कागद कोरडा राहिला तरच पुढे जावे. जुन्या घरात अर्थिंग नीट आहे का, हे मात्र या सगळ्याच्या आधी वायरमनकडून तपासून घ्यावे.

हाताला लागलेले वळण

इतके करून मिळते काय? थोडा शांत, थोडा गार संगणक. पैशांच्या हिशेबात हा सौदा बहुतेकांना परवडणारा नाही, हे मुलांना स्पष्ट सांगावे. पण माप घेणे, पत्रा कापणे, गळती शोधणे, उष्णतेचा हिशेब मांडणे हे सारे त्यांच्या पुस्तकात असते आणि हाताला क्वचितच लागते. आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला १८६९ मध्ये जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये भावाबरोबर बेळगावात सायकलचे दुकान काढले. तिथून कडबा कापायचे यंत्र आले, लोखंडी नांगर आला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. प्रत्येक मुलगा किर्लोस्कर होणार नाही. पण यंत्र उघडून पाहण्याची सवय कुठून तरी लागावीच लागते.

म्हणून घरात एक साधा करार करावा. पहिल्या वर्षी धूळ, पंखे आणि तारा. ते नीट जमले तर भंगारातल्या पत्र्यावर हात साफ करणे. पाण्याची पाळी त्यानंतर, आणि गरज असली तरच. हा करार मुलीलाही तितकाच लागू. स्क्रू-ड्रायव्हर तिच्या हाती दिल्याने काही बिघडत नाही. काम होईल ते हॉलमध्ये, सर्वांसमोर, प्लग काढून. आजीलाही शेजारी खुर्ची द्यावी. चोवीस तासांनी टिपकागद कोरडा आहे की ओला, याचा निकाल तिच्याइतका निःपक्षपातीपणे कोणी देणार नाही.