परीक्षेचा ताण आणि मुलांचे आरोग्य : पालकांसाठी माहिती

दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की काही मुलांच्या पोटात नेमके सकाळी, शाळेच्या किंवा शिकवणीच्या वेळीच दुखू लागते. कोणाला मळमळते, कोणाचे डोके दुखते. सुटीच्या दिवशी मात्र त्रास नसतो. तपासणीत दोष आढळला नाही की घरात 'नाटक करतो आहे' असे म्हटले जाते. हा समज चुकीचा आहे. ताण वाढला की शरीरात अ‍ॅड्रेनालिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके अधिक स्रवतात, हृदयाचे ठोके वाढतात आणि आतड्यांची हालचाल बदलते. मुलाला होणाऱ्या वेदना खऱ्याच असतात. त्यामुळे प्रथम वैद्यकीय तपासणी करून घ्यावी आणि त्याच भेटीत मुलाची झोप, भूक व अभ्यासाचे तास यांविषयी डॉक्टरांना सांगावे.

या ताणाला कारणे आहेत. २०२४ मध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेसाठी देशभरातून सुमारे २४ लाख विद्यार्थ्यांनी नोंदणी केली. एमबीबीएसच्या जागा होत्या सुमारे १ लाख १० हजार. म्हणजे एका जागेमागे वीसहून अधिक मुले. यांतील बहुतेकांना प्रवेश मिळणार नाही, हे गणितच आहे. त्यात मुलाच्या आळसाचा प्रश्न येत नाही. तरीही रायपूर-भिलाई परिसरात आठवी-नववीपासूनच कोचिंगची चौकशी सुरू होते. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कोचिंग संस्थांनी १६ वर्षांखालील विद्यार्थ्यांना प्रवेश देऊ नये, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

सर्वप्रथम कात्री लागते ती झोपेला. १३ ते १८ वर्षे वयाच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप आवश्यक असते. दिवसा वाचलेले स्मरणात पक्के होण्याचे काम मेंदू झोपेतच मोठ्या प्रमाणात करतो. म्हणून रात्री दोनपर्यंत जागून केलेला अभ्यास सकाळी निसटतो. स्मरणशक्ती वाढविणारे सिरप लिहून द्यावे, असा आग्रह पालक धरतात. झोपेची उणीव कोणतेही टॉनिक भरून काढीत नाही. रोज तासभर खेळ किंवा व्यायाम हवा, परीक्षेच्या दिवसांतही.

घरातील बोलण्याचाही परिणाम होतो. नागपूर-पुण्यातील मामेभावाचे टक्के जेवणाच्या ताटावर सांगितल्याने मुलाचे गुण वाढत नाहीत, जेवण मात्र कमी होते. २०२२ मध्ये छत्तीसगडच्या गुणवत्ता यादीतील विद्यार्थ्यांना हेलिकॉप्टरची सफर घडविण्यात आली. गुणवंतांचा असा गौरव व्हावा. परंतु यादीत नसलेली लाखो मुलेही त्याच दिवशी निकाल घेऊन घरी येतात. सीबीएसईने २०२३ मध्ये अनिष्ट स्पर्धा टाळण्यासाठी गुणवत्ता यादी जाहीर केली नाही. छत्तीसगड मंडळाने २०२४ पासून दुसऱ्या मुख्य परीक्षेची सोय केली आहे. ही माहिती मुलाला निकालाच्या आधीच द्यावी.

मूल एकलकोंडे झाले, आवडीच्या गोष्टी सोडू लागले, आपल्या वस्तू इतरांना वाटू लागले किंवा 'मी नसतो तर बरे झाले असते' असे बोलले, तर परीक्षा संपण्याची वाट पाहू नये. 'तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?' असे शांतपणे, थेट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही भीती निराधार आहे. उलट बोलण्याची वाट मोकळी होते. उत्तर 'हो' आले तर रागावू नये, उपदेश करू नये, मुलाला एकटे सोडू नये. घरातील औषधे व कीटकनाशके कुलपात ठेवावीत आणि त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात किंवा एम्स रायपूरच्या मनोविकार विभागात न्यावे. धोका तातडीचा वाटल्यास ११२ वर संपर्क साधावा.

'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य सल्ला मिळतो. पालक व मुले दोघेही दूरध्वनी करू शकतात. मराठीतूनही बोलता येते.