सात लाखांचे ब्रेक

गेल्या टर्ममध्ये लाइट्स आउटनंतर आमच्या डॉर्मिटरीत एक वाद पेटला. विषय होता महागड्या गाड्यांना लावतात ते कार्बन सिरॅमिक ब्रेक. एक गट म्हणत होता, "ब्रेकच्या बाबतीत पैसे काय मोजायचे? जीव वाचला म्हणजे झाले." दुसरा गट म्हणत होता की ही शुद्ध शोभेची वस्तू आहे. मी पहिल्या गटात होतो आणि माझ्याकडे कारणही होते.

माझा मामा वाईला असतो आणि प्रवासी गाडी चालवतो. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे त्याच्या गाडीतून महाबळेश्वरहून परत येत होतो. पसरणी घाटात अर्ध्यावर आल्यावर त्याच्या पायाखालचे ब्रेकचे पेडल एकदम मऊ पडले. दाबले की खालपर्यंत जाई, पण गाडी पुरेशी थांबेना. मी पुढच्या सीटवर होतो. मामा काही बोलला नाही. त्याने गियर खाली टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूला घेऊन उभी केली. मागे आई, मामी आणि दोन लहान भावंडे होती. अर्ध्या तासाने पेडल पुन्हा टणक झाले, जणू काही घडलेच नव्हते. नंतर कोणीतरी त्याला सांगितले, "सिरॅमिक टाका, टेन्शन संपेल." मामाने मला फोनवर विचारले, "अरे, तू एवढं फिजिक्स शिकतोस, बघून सांग, पैसे घालू का?"

म्हणून हा हिशेब मांडला. मित्रांनो, आकडे थोडे जास्त आहेत, पण सगळे आपल्या नववीच्या पुस्तकातल्या सूत्रांनीच निघतात.

ब्रेक गाडीची गतिज ऊर्जा उष्णतेत बदलतो. १,५०० किलोची मोटार ताशी १०० किलोमीटर वेगाने जात असेल तर तिची गतिज ऊर्जा सुमारे ५ लाख ८० हजार जूल होते. एकदा करकचून ब्रेक मारला की ही सगळी उष्णता मुख्यतः चार डिस्कमध्ये जाते. साध्या डिस्क बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या असतात. चारही मिळून ३० किलो धरल्या तर त्या एका थांबण्यात सुमारे ४० अंशांनी तापतील. हे काहीच नाही. चांगल्या स्थितीतला साधा ब्रेकसुद्धा वेगात चाक जाम करू शकतो, किंवा एबीएसला कामाला लावू शकतो. त्यापुढे गाडी किती अंतरात थांबेल हे टायर आणि रस्ता यांच्यातले घर्षण ठरवते. कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.८ धरला तर ताशी १०० वरून थांबायला जवळजवळ ५० मीटर लागतात. डिस्क बिडाची असो की सोन्याची, हा आकडा बदलत नाही. आमच्या गटाचा "जीव वाचतो" हा मुद्दा इथेच अर्धा मेला. एवढे पैसे असतील तर आधी चांगले टायर घ्यावेत.

उरलेला अर्धा मुद्दा घाटाचा. सुट्टी लागली की आपली बस ज्या डोंगरातून कालक्याला उतरते तोच घ्या. शिमल्याचे रेल्वे स्थानक समुद्रसपाटीपासून २,०७६ मीटरवर आहे आणि कालक्याचे ६५६ मीटरवर. फरक १,४२० मीटर. तीच १,५०० किलोची मोटार एवढी खाली आली की तिची सुमारे २ कोटी ९ लाख जूल स्थितिज ऊर्जा कुठेतरी जावी लागते. म्हणजे ताशी १०० वरून ३६ वेळा थांबण्याएवढी. एवढ्या उष्णतेत साठ-पासष्ट लिटर पाणी उकळेल, आपल्या मेसच्या चहाचे मोठे पातेलेच म्हणा. मात्र हे सगळे अडीच-तीन तासांत होते. वारा डिस्क थंड करत राहतो आणि गाडी गियरमध्ये असेल तर बराच भार इंजिन उचलते. ज्याने गियर वर ठेवला, किंवा डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, त्याच्या वाटणीला ते संपूर्ण पातेले येते.

आता तुलनेसाठी दहा टनांचे लढाऊ विमान घ्या. ते ताशी २४० किलोमीटर वेगाने धावपट्टीवर टेकले तर त्याची गतिज ऊर्जा २ कोटी २० लाख जूलच्या आसपास भरते. आकडा जवळजवळ आपल्या कालक्याच्या उताराएवढाच! फक्त त्याला तीन तास नसतात, अर्धा-एक मिनिट असतो. काही ऊर्जा हवा खाते, काही ब्रेक पॅराशूट, पण बाकीची चाकांनी गिळावी लागते. शिवाय ब्रेकचे वजन विमानाला प्रत्येक उड्डाणात वर न्यावे लागते. म्हणून काँकॉर्ड या स्वनातीत प्रवासी विमानाला १९७० च्या दशकातच कार्बनचे ब्रेक होते, आणि आपल्या तेजसलाही कार्बनच्या डिस्क आहेत. तिथे किमतीचा प्रश्न वेगळाच होतो, कारण वाचलेल्या प्रत्येक किलोच्या जागी इंधन किंवा शस्त्र नेता येते.

शुद्ध कार्बनच्या डिस्क थंड असताना नीट पकडत नाहीत, त्यामुळे रस्त्यावरच्या गाडीला चालत नाहीत. त्यावर उपाय म्हणून कार्बन सिरॅमिक आले. कार्बनचे बारीक तंतू राळेत मिसळून डिस्कच्या आकारात दाबतात. मग हवा लागू न देता भट्टीत भाजतात. राळेचा कोळसा होतो आणि आत सूक्ष्म छिद्रे राहतात. सिलिकॉन १,४१४ अंशांना वितळते. ते वितळलेले सिलिकॉन या छिद्रांत शिरते आणि कार्बनशी संयोग पावून सिलिकॉन कार्बाइड बनते. हा पदार्थ कडकपणात हिऱ्याच्या खालोखाल येणाऱ्यांपैकी आहे. शेवटी एवढ्या कडक वस्तूला घासून आकार द्यायचा तर हिऱ्याचीच हत्यारे लागतात. एक डिस्क तयार व्हायला काही आठवडे जातात. किंमत का वाढते हे मला इथे कळले. तोपर्यंत मला वाटत होते की कंपन्या उगाच लुटतात. (थोडे लुटतही असतील.)

पोर्शेने हे ब्रेक २००० सालानंतर आपल्या ९११ गाड्यांना द्यायला सुरुवात केली. फेरारीच्या गाड्यांना ते मुळातच बसवलेले येतात. बीएमडब्ल्यूच्या एम-३ सारख्या गाडीला अमेरिकेत त्यासाठी सुमारे ८,००० डॉलर जादा मोजावे लागतात, म्हणजे आपले सात लाखांच्या आसपास. एवढ्यात आपल्याकडे आख्खी नवी छोटी मोटार येते, ब्रेकसकट!

मोबदल्यात काय मिळते? डिस्क आकाराने मोठी असूनही वजनाला निम्म्याच्या आसपास भरते. चाकाजवळचे वजन घटले की गाडी खड्ड्यावरून कमी आदळते आणि वळायला हलकी वाटते. गंज चढत नाही, चाकांवर काळी भुकटी बसत नाही. डिस्क खूप तापली तरी पकड टिकते. सावकाश चालवणाऱ्याच्या गाडीत ती वर्षानुवर्षे पुरते.

आणि इथे मला सर्वांत गमतीची गोष्ट सापडली. शर्यतीच्या ट्रॅकवर स्वतःची गाडी पळवणारे कितीतरी हौशी मालक हे महागडे ब्रेक काढून कपाटात ठेवतात आणि साध्या बिडाच्या डिस्क लावतात! कारण फार तापल्यावर हवेतला ऑक्सिजन डिस्कमधला कार्बन हळूहळू खातो. जाडी तेवढीच दिसते, पण डिस्क आतून पोकळ होत जाते. म्हणून काही डिस्कवर किमान वजन कोरलेले असते आणि झीज बघायला तिचे वजन करावे लागते. चाक बदलताना कडेवर आपटली तर कपचा उडू शकतो. बिडाची डिस्क खराब झाली तर काही हजारांत बदलता येते, हिला लाख लागतात. म्हणजे ज्याला खरोखर गरज पडेल त्याच्याकडे ती लवकर संपते, आणि ज्याच्याकडे टिकते त्याला तिची फारशी गरज नसते. ज्याला पैशाची ददात नाही आणि हलकी गाडी हवी आहे, त्याने खुशाल घ्यावी. मी वादातली बाजू बदलली, अगदी पूर्ण नाही, पण बदलली.

राहिला मामा. त्याला ज्याने "सिरॅमिक" सुचवले तो डिस्कबद्दल बोलतच नव्हता. बाजारात सिरॅमिक पॅड मिळतात, ते काही हजारांचे असतात आणि साध्याच डिस्कवर बसतात. नाव सारखे, वस्तू वेगळी. पण मामाचे पॅडही ठीक होते. पेडल मऊ पडणे आणि थंड झाल्यावर पुन्हा टणक होणे ही खूण ब्रेक ऑइलची आहे. हे ऑइल हवेतले पाणी शोषून घेते. डॉट-४ प्रकारचे ताजे ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. घाटात ते उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. त्यामुळे पाय खाली जातो, पण दाब चाकापर्यंत पोचत नाही. अशा गाडीला सात लाखांच्या डिस्क लावल्या आणि तेच जुने ऑइल ठेवले, तर पुढच्या घाटात पेडल पुन्हा मऊ पडू शकते. साधारण दोन वर्षांनी ऑइल पूर्ण बदलायला हवे, आणि त्याची बाटली काही शे रुपयांना मिळते.

रविवारी फोनची पाळी आली तेव्हा मामाला विचारले, "शेवटचं ऑइल कधी बदललंस?"

"बदललं म्हणजे? कमी झालं की वरून भरतो की."

"वरून भरून चालत नाही मामा, जुनं सगळं काढावं लागतं."

पुढच्या रविवारी त्यानेच सांगितले की गॅरेजमध्ये नळी सोडल्यावर पहिल्यांदा जे बाहेर आले ते कोऱ्या चहासारखे काळपट होते. आता तो महाबळेश्वरहून सुटतानाच दुसरा गियर टाकतो. मागे बसलेले प्रवासी गाडी हळू चालते म्हणून कुरकुरतात, असे म्हणाला.