मोटारीचं तेल केव्हा बदलावं?

खेड्यात मोटार ही आता नवलाईची चीज राहिलेली नाही. कुणाच्या दारात ती भाड्यासाठी उभी असते, तर कुणाच्या दारात शाळेला नि बाजाराला जाण्यासाठी. रात्री-अपरात्री आजारी माणसाला तालुक्याच्या दवाखान्यात पोचवायचं झालं, तर तीच कामाला येते. बहुतेकदा ती कर्ज काढून घेतलेली असते. अशा गाडीचं इंजिन अकाली खोलावं लागलं, तर घराची सारी घडी विस्कटते. हे टाळण्याचा पहिला उपाय म्हणजे इंजिनातलं तीन-चार लिटर तेल वेळेवर बदलणं.

पण वेळेवर म्हणजे केव्हा? जुने ड्रायव्हर सांगतात, "दोन-तीन हजार किलोमीटर झाले की काढून टाका." नवे मालक म्हणतात, "हल्लीच्या गाडीला काही लागत नाही, दिवा लागला की बघू." ही दोन्ही मतं आजच्या गाडीला लागू पडत नाहीत. का, ते पाहू.

इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असलं, तर त्यातला प्रत्येक पिस्टन मिनिटात दोन हजार वेळा वर-खाली होतो. धातूवर धातू घासू नये म्हणून मध्ये तेलाचा थर असतो, तो केसाहूनही पातळ. हेच तेल उष्णता वाहून नेतं, काजळी नि धूळ आपल्यात धरून ठेवतं, आणि इंधन जळताना तयार होणारं आम्ल मारतं. यासाठी तेलात निरनिराळी द्रव्यं घातलेली असतात. तेल नुसतं झिजत नाही. ही द्रव्यं खर्ची पडतात. म्हणून ते बदलायचं.

जुन्या ड्रायव्हरांचा नियम त्यांच्या काळी बरोबरच होता. कार्बोरेटरच्या गाड्यांत जादा पेट्रोल तेलात उतरे, आणि तेलंही साधी असत. आज संगणक मोजून पेट्रोल सोडतो, तेलंही सुधारली आहेत. म्हणून पुष्कळ नव्या पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, असं लिहिलेलं असतं. तुमच्या गाडीचा आकडा निराळा असू शकेल. तो पुस्तिकेत पाहावा.

"जे आधी येईल ते" या चार शब्दांत सगळी मेख आहे. एक हिशेब घ्या. गुरुजींनी तो वर्गात फळ्यावरही मांडावा. एका शिक्षकाची शाळा घरापासून ४ किलोमीटरवर आहे. जाऊन येऊन ८ किलोमीटर, वर्षाचे २२० दिवस. म्हणजे १,७६० किलोमीटर. नुसते किलोमीटर मोजले, तर तेल बदलायला साडेपाच वर्षांहून अधिक काळ लागेल! उलट भाड्याची जीप रोज १२० किलोमीटर धावते. महिन्याचे २५ दिवस धरले, तर ३,००० किलोमीटर. तिचे दहा हजार साडेतीन महिन्यांच्या आतच भरतात. जीपवाल्यानं किलोमीटर मोजावेत, गुरुजींनी कॅलेंडर पाहावं.

गुरुजींची गाडी इतकी कमी चालते, मग तिचं तेल का बिघडावं? एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपानं तयार होतं. बरीचशी वाफ धुरांड्यातून निघून जाते, पण थोडी पिस्टनच्या रिंगांजवळून खाली तेलात उतरते. लांबच्या प्रवासात तेल चांगलं तापतं आणि ते पाणी उडून जातं. चार किलोमीटरमध्ये तेल तापायच्या आतच गाडी बंद होते. पाणी आत राहतं, आम्ल वाढतं, गाळ धरतो. म्हणून आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा-पाऊण तास सलग चालवावी.

शिवाय आपल्याकडची धूळ आहेच. उन्हाळ्यातला फुफाटा, ऊसतोडीच्या दिवसांतले रस्ते, सीट भरेपर्यंत चालू ठेवलेलं इंजिन, मागे जोडलेली ट्रॉली, हे सगळं पुस्तिकेच्या भाषेत "कठीण वापर" या सदरात मोडतं. त्याचं कोष्टक वेगळं असतं. कित्येक पुस्तिका अशा वेळी अंतर निम्म्यावर आणायला सांगतात. ते पान बहुतेक जण उघडतच नाहीत. तेलाबरोबर तेलाचा फिल्टर बदलावा, आणि हवेचा फिल्टर धुळीच्या दिवसांत मधून मधून पाहावा.

डिझेल गाडीवाल्यांना एक खास सूचना. १ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारी जाळी असते. ही काजळी जाळायला गाडी जास्तीचं डिझेल सोडते. गाडी नेहमी थोडंच अंतर धावत असेल, तर त्यातलं काही तेलात उतरतं. पट्टीवर तेल वाढलेलं दिसलं तर ती आनंदाची गोष्ट समजू नका, मिस्त्रीला दाखवा. या गाड्यांना कमी राखेचं तेलच लागतं. पिंपातलं सुटं तेल घातलं तर ती महागडी जाळी तुंबते.

तेलाच्या डब्यावर "५डब्ल्यू-३०" असे आकडे असतात. पहिला आकडा थंडीतला पातळपणा सांगतो, दुसरा तापल्यावरचा दाटपणा. दाट तेल म्हणजे चांगलं तेल, हा समज सोडून द्या. पुस्तिकेत असेल तेच घाला.

पंधरा दिवसांतून एकदा सपाट जागी गाडी उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी पट्टी पाहा. तेल दोन खुणांच्या मध्ये हवं. तेल काळं दिसलं म्हणून घाबरू नका; काजळी धरणं हे त्याचं कामच आहे. ताकासारखं पांढुरकं दिसलं, तर मात्र पाणी शिरलेलं असू शकतं. गाडी चालवू नका. आणि गाडी चालताना तेलाच्या झारीचा लाल दिवा लागला, तर "गॅरेजपर्यंत नेऊ" म्हणू नका. बाजूला घ्या आणि इंजिन तिथंच बंद करा. तो दिवा तेलाचा दाब गेल्याचं सांगतो. त्यापुढचा एक किलोमीटरसुद्धा इंजिन जाम करू शकतो.

काढलेलं तेल ओढ्यात, उकिरड्यावर किंवा विहिरीजवळ ओतू नये, आणि जनावरांच्या जखमेला तर मुळीच लावू नये. २०१६ च्या नियमांप्रमाणे तो घातक कचरा आहे. डब्यात भरून गॅरेजला परत द्यावं.

आज घरी गेल्यावर एवढंच करा. गाडीच्या कप्प्यातली पुस्तिका काढा, तेलाचं कोष्टक पाहा, आणि मागचं तेल कोणत्या तारखेला, किती किलोमीटरवर बदललं ते एका कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुढची तारीखही त्याखाली लिहा. मग जुन्या ड्रायव्हरला विचारायला नको आणि दिव्याची वाटही पाहायला नको.