क्षितिजाची छापील प्रत

उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी, कॅनडातील सस्कॅचवानपासून अमेरिकेतील टेक्सासपर्यंत पसरलेल्या गवताळ मैदानांना प्रेअरी म्हणतात. डोंगर नाही, झाड क्वचित. चित्राचा बराचसा भाग आकाशालाच द्यावा लागतो. अशा विषयाला जलरंगाइतके अनुरूप माध्यम दुसरे नसावे. त्यात पांढरा रंग सहसा लावत नाहीत, कागदाचीच शुभ्रता राखून ठेवतात. ओल्या कागदावर सोडलेला निळा विरत जातो आणि क्षितिजाजवळ उजेड उरतो. जॉर्जिया ओकीफ टेक्सासमधील कॅन्यन गावी कलाशिक्षिका होत्या. तेथे १९१७ मध्ये त्यांनी मैदानावरील पहाटेची तीन जलरंगचित्रे केली, तीही साध्या वर्तमानपत्री कागदावर! आज ती फोर्ट वर्थच्या एमन कार्टर संग्रहालयात आहेत.

जलरंगाचा शत्रू मात्र प्रकाशच. तो रंग फिका करतो, म्हणून संग्रहालये अशी चित्रे मंद उजेडात आणि मोजका काळच मांडतात. रसिकाच्या भिंतीवर पोहोचते ती छापील प्रतच.

ही प्रथा जुनी आहे. स्विस चित्रकार कार्ल बोडमर १८३३ मध्ये जर्मन राजपुत्र माक्सिमिलियन यांच्यासोबत मिसुरी नदीतून वर गेला. त्याच्या जलरंगचित्रांवरून पुढे युरोपात ८१ अ‍ॅक्वाटिंट छापले गेले. धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापायचे आणि काही प्रतींत हाताने रंग भरायचे, अशी ती पद्धत. त्यात कोरणाऱ्याचे कौशल्यही विकले जाई. पत्रा झिजत असल्याने आरंभीच्या प्रती अधिक रेखीव उतरत आणि त्यांना मोलही अधिक येई.

आजची प्रत बहुधा ‘जिक्ले’ असते. मूळ चित्र स्कॅन करून उच्च दर्जाच्या इंकजेट यंत्रावर छापलेली प्रत, एवढाच त्याचा अर्थ. फवारणे या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून हे नाव १९९१ मध्ये जॅक डुगान यांनी रूढ केले. नाव भारदस्त आहे, पण त्यातून दर्जाची हमी मिळत नाही. ‘मर्यादित आवृत्ती’चेही तसेच. येथे पत्रा झिजत नाही. पहिली आणि पाचशेवी प्रत एकसारखीच. कोपऱ्यातला क्रमांक हे केवळ चित्रकाराचे वचन होय.

मग पाहायचे काय? सुती, आम्लरहित कागद आणि रंगद्रव्याची शाई. रंजकाची स्वस्त शाई उन्हात लवकर विटते. दुसरे, फिके आकाश. अतिशय पातळ रंगछटा स्कॅनिंगमध्ये प्रथम हरवतात. डोंगराच्या चित्रात ते खपून जाते. प्रेअरीच्या चित्रात मात्र आकाश कोरे पडले की चित्रच गेले. त्यामुळे शक्य असेल तेथे प्रत प्रत्यक्ष पाहावी, किमान आकाशाचा तुकडा मोठा करून मागावा.

या चित्रांना आणखी एक मोल आहे. जॉन डीअरने १८३७ मध्ये पोलादी नांगर बनवला आणि पुढच्या काही दशकांत उंच गवताची प्रेअरी शेतांखाली गेली. मूळ क्षेत्राच्या ४ टक्क्यांहूनही कमी आज शिल्लक आहे, त्यातील मोठा भाग कॅन्सासच्या फ्लिंट हिल्समध्ये. तेथील जमीन खडकाळ असल्याने नांगर चालला नाही. आजचे अनेक चित्रकार रंगपेटी घेऊन जातात ते तिकडेच.