रेल्वे हिरवी झाली. झाडू कोणाच्या हाती?

चाळीसगाव ते धुळे हा ५६ किलोमीटरचा रेल्वेमार्ग १९०० साली सुरू झाला. खानदेशातला हा लहानसा फाटा. पण आंबेडकरी माणसाला तो विसरता येत नाही. १९२९ साली मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी समिती नेमली. तिचे सदस्य म्हणून बाबासाहेब खानदेशात आले होते. एका गावातल्या सामाजिक बहिष्काराची माहिती घ्यायला ते याच मार्गाने गेले आणि याच मार्गाने चाळीसगावला परतले. रेल्वेने त्यांना नेले, आणले. स्टेशनाबाहेरचा टांगेवाला मात्र अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार होईना. शेवटी टांगा हाकण्याची सवय नसलेल्या आपल्याच एका माणसाने लगाम हाती घेतला, मोरीवर अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला.

त्याच मार्गावर डिसेंबर २०२१ मध्ये विजेवरची मेमू गाडी आली. भुसावळचा मुख्य मार्ग तर १९६० च्या दशकाच्या अखेरीसच विजेवर गेला होता. आता देशातले जवळजवळ सगळे ब्रॉडगेज मार्ग विजेवर आले आहेत. जानेवारी २०१५ मध्ये रेल्वे बोर्डाने पर्यावरणासाठी स्वतंत्र संचालनालय उघडले आणि २०३० पर्यंत कर्बउत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. एलईडी दिवे, स्टेशनांच्या छपरांवर सौर पॅनल, पावसाचे पाणी जिरवणे, डब्यांतल्या दिव्या-पंख्यांसाठी इंजिनाकडूनच वीज घेणे, अशी कामे झाली. एवढ्या अवाढव्य सरकारी खात्याने आपल्या रोजच्या कामात पर्यावरण आणले, ही गोष्ट चांगलीच आहे. रावेर-सावद्याची केळी रेल्वेने दिल्लीला जातात तेव्हा तेवढे ट्रक रस्त्यावरून कमी होतात, हे केळी पिकवणाऱ्याला आणि तिच्या बागेत मजुरी करणाऱ्यालाही कळते. आमचा त्याला विरोध नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. या हिरव्या हिशेबाच्या वहीत वीज आहे, पाणी आहे, झाडे आहेत, कर्ब आहे. माणूस कोणत्या रकान्यात आहे?

हा प्रश्न रेल्वेला विचारायचा तर संडासापासूनच विचारावा लागतो. शंभराहून अधिक वर्षे भारतीय रेल्वेच्या डब्यातला संडास म्हणजे खाली उघडे भोक. गाडी फलाटावर उभी असताना संडास वापरू नका, अशी पाटी प्रत्येक डब्यात असे. ती पाटी पाळली गेली नाही, हे भुसावळ, मनमाड, जळगावच्या फलाटावर उभे राहिलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. तो मैला उचलणारे हात कोणाचे होते? मेहतर, वाल्मिकी, रुखी समाजांचे. आणि स्टेशनाबाहेर, उघड्या रुळांवर, वरून गाडी गेली की अंगावर शिंतोडे झेलत खडी ओढणारा गँगमन कोण होता? त्यातही मोठा भरणा आपलाच होता. गँगमनचा पुढे ट्रॅकमन झाला, मग ट्रॅक मेंटेनर झाला. नाव बदलायला पैसे लागत नाहीत.

हा संडास बदलण्याचा विचार जोराने पुढे कधी आला, तेही पाहण्यासारखे आहे. रेल्वे सुरक्षेसाठी नेमलेल्या डॉ. अनिल काकोडकर समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये अहवाल दिला. संडासातून खाली पडणाऱ्या मैल्या-पाण्याने रूळ आणि डब्यांचा खालचा भाग गंजतो, म्हणून हे संडास बदला, असे समितीने सांगितले. समितीचे काम सुरक्षेचे होते, तिने ते चोख केले. पण व्यवस्थेची संवेदना कुठे जागी होते ते यातून दिसते. पिढ्यान्‌पिढ्या माणूस त्या मैल्यात उभा होता तेव्हा कोणाला घाई नव्हती. लोखंड गंजू लागले तेव्हा पाच वर्षांची मुदत सुचवली गेली.

दुसरा रेटा कायद्याचा होता आणि तो चळवळीने आणला. हाताने मैला साफ करण्याची प्रथा बंद करणारा १९९३ चा कायदा कागदावरच राहिला. सफाई कर्मचारी आंदोलनाने २००३ साली सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. २०१३ चा नवा कायदा ६ डिसेंबर २०१३ पासून, म्हणजे नेमका महापरिनिर्वाणदिनी अमलात आला. त्यात हाताने मैला साफ करण्याच्या जागांमध्ये रेल्वेच्या रुळाचा स्पष्ट उल्लेख आहे. २७ मार्च २०१४ च्या निकालात न्यायालयाने रेल्वेला रुळांवरची ही प्रथा संपवण्यासाठी कालबद्ध कार्यक्रम आखायला सांगितले.

पण कायदा करणाऱ्यांनी रेल्वेसाठी मागचे दारही ठेवले. ठरवून दिलेली उपकरणे आणि संरक्षक साधने वापरून कर्मचाऱ्याने साफ केलेला डब्यातला पाण्याचा संडास हा कायद्याने अनारोग्यकारक समजला जात नाही. तशी साधने घेऊन मैला साफ करणारा माणूस मैला साफ करणारा ठरत नाही. म्हणजे हातमोजे आणि पाण्याचा पाइप दिला की काम तेच, जात तीच आणि कायद्याच्या नजरेत प्रथा संपली!

बायो-टॉयलेटने मात्र खरा फरक पडला, हे मान्य केले पाहिजे. संरक्षण संशोधन संस्थेच्या ग्वाल्हेर प्रयोगशाळेतल्या तंत्रावर ते बनले. डब्याखालच्या टाकीतले जिवाणू मैल्याचे पाणी आणि वायू करतात, ते पाणी क्लोरीन लावून रुळांवर सोडतात. २०१९-२० पर्यंत सुमारे ६८ हजार डब्यांत दोन लाख चाळीस हजारांहून अधिक असे संडास बसले. रुळांवरचा मैला खूप कमी झाला.

मग मैला गेला कुठे? महालेखापालांचा २०१७ चा ३६ क्रमांकाचा अहवाल पाहा. ६१३ गाड्यांतल्या २५,०८० बायो-टॉयलेटची त्यांनी तपासणी केली. २०१६-१७ या एका वर्षात त्यांत बिघाडाच्या १,९९,६८९ घटना नोंदल्या गेल्या होत्या. त्यातल्या १,०२,७९२ तुंबण्याच्या. बाटली, गुटख्याची पुडी, लंगोट, जे हाती येईल ते भोकात टाकायची आपल्या प्रवाशांची सवय. पूर्वी ते रुळांवर पडे, आता टाकीच्या तोंडाशी अडकते. अडकलेले काढणार कोण? जिवाणू तर काढत नाहीत! तंत्र बदलले की मैला रुळावरून टाकीत जातो. जातीने ठरलेला हात बदलायला तंत्र पुरे पडत नाही.

आणि तो हात आता रेल्वेचा नोकर उरलेला नाही. पूर्वी सफाईवाला हा रेल्वेचा कायम कर्मचारी असे. पगार तुटपुंजा, अपमान रोजचा. पण क्वार्टर होते, पास होता, रेल्वेचा दवाखाना होता, पेन्शन होती. भुसावळात त्या नोकरीवर मुले शिकली, काही साहेब झाली. आज डब्यांची आणि फलाटांची बरीच सफाई यांत्रिक सफाईच्या नावाने कंत्राटावर गेली आहे. कंत्राटात आरक्षण नाही. मात्र सफाई कामात आपल्या माणसांचे प्रमाण न मागताही भरलेले असते. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने मुख्य कामात कंत्राटी मजूर लावायला मनाई केली, पण 'मुख्य काम' या व्याख्येतून झाडणे, पुसणे, कचरा उचलणे ही सफाईची कामे सरसकट बाहेर काढली. ती संहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. म्हणजे सफाईतले कंत्राट कायद्यानेच पक्के केले.

याच भुसावळ विभागातल्या मनमाडला फेब्रुवारी १९३८ मध्ये जी. आय. पी. रेल्वेच्या दलित कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू बाबासाहेबांनी तिथे सांगितले, हे आपण सभेत नेहमी सांगतो. त्याच भाषणातला तपशील आपण कमी सांगतो. दलिताला गँगमनच्या वर चढू देत नाहीत आणि साधा हमालही करत नाहीत, कारण हमालाकडून स्टेशनमास्तर घरचे काम करून घेतो आणि अस्पृश्य हमाल घरात चालत नाही, हे त्यांनी मांडले होते. रेल्वेतल्या कामाची वाटणी जातीने कशी होते, याचे ते निदान होते. आपल्या संघटना रोस्टर, पदोन्नती, बॅकलॉग यांसाठी लढल्या, ते आवश्यकच होते. पण कंत्राटदाराच्या हजेरीपुस्तकातला मेहतर-वाल्मिकी बांधव आपल्या मागण्यांच्या यादीत कितव्या क्रमांकावर होता, हेही एकदा स्वतःला विचारू या.

विजेच्या गाडीचाही हिशेब असाच अर्धा आहे. गाडीमागे धूर दिसत नाही, पण देशातली बहुतांश वीज अजून कोळशाची. भुसावळजवळ दीपनगरला ५०० मेगावॅटचे दोन संच उभे आहेत. औष्णिक केंद्राची राख कोणाच्या घरा-शेतावर उडते ते बघायला मुंबईचा पर्यावरणतज्ज्ञ लागत नाही.

म्हणून भुसावळ विभागाला माहितीच्या अधिकारात लेखी विचारावे. तुंबलेली बायो-टॉयलेट काढण्यासाठी कोणती यंत्रे आहेत आणि ती चालवणारे किती जण आहेत? त्यांतले किती कंत्राटी? त्यांचे वेतन बँकेत जमा होते का, भविष्य निर्वाह निधी कापून भरला जातो का, हातमोजे-बूट किती वेळा दिले, वैद्यकीय तपासणी शेवटची कधी झाली? सफाईवाल्याची कायम पदे दहा वर्षांपूर्वी किती होती, आज किती? विभागाच्या पर्यावरण अहवालात झाडे आणि युनिटे छापतात, त्याच पानावर हे आकडे का छापत नाहीत? भुसावळ, जळगाव, चाळीसगाव, धुळे इथल्या प्रत्येक शाखेने आपापला अर्ज टाकावा. शुल्क दहा रुपये आहे आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची.