ध्रुव तारा एकटा नाही, हे कसं कळलं?

अंजनवेलच्या दीपगृहापाशी रात्री उत्तरेकडे तोंड करून उभं राहिलं, तर क्षितिजापासून साधारण साडेसतरा अंशांवर ध्रुव तारा दिसतो. गावाचा अक्षांशही जवळपास तेवढाच आहे. हा तारा आपल्याकडे अढळपणासाठी प्रसिद्ध. प्रत्यक्षात तो दर चार दिवसांनी किंचित फुगतो आणि आकसतो. अशा ताऱ्यांना रूपविकारी तारे म्हणतात, आणि त्यांच्याजवळ लपलेला सोबती शोधणं भलतंच अवघड असतं.

का, ते ध्रुवाच्याच गोष्टीतून कळतं. तारा आपल्याकडे येत असेल तर त्याच्या वर्णपटातल्या रेषा निळ्या बाजूला सरकतात, दूर जात असेल तर तांबड्या. १८९९ मध्ये अमेरिकेतल्या लिक वेधशाळेत विल्यम कॅम्पबेल यांना ध्रुवाचा वेग दर चार दिवसांनी कमी-जास्त होताना दिसला. त्यांनी अर्थ लावला : कुणीतरी सोबती याला चार दिवसांत फिरवतोय. तो चुकीचा होता. ती ताऱ्याच्या पृष्ठभागाचीच हालचाल होती. ध्रुवाचा प्रकाशही त्याच तालात बदलतो, हे १९११ मध्ये हर्ट्झस्प्रुंग यांनी दाखवलं. पण कॅम्पबेल यांना वर्षागणिक होणारा आणखी एक संथ बदलही जाणवला होता. खरा सोबती तिथे होता. त्याची एक फेरी सुमारे ३० वर्षांची.

दुसरी पद्धत घड्याळाची. काळोखात खाडीत एक बोट आहे आणि ती दर मिनिटाला भोंगा वाजवते, असं समजा. बोट दिसत नाही. ती ३४० मीटर लांब गेली की भोंगा सेकंदभर उशिरा ऐकू येईल, जवळ आली की लवकर. ती गोल फिरत असेल, तर उशीर आणि घाई ठरावीक काळाने आलटून पालटून येतील. ताऱ्याचं स्पंदन हाच इथे भोंगा, आणि आवाजाच्या जागी प्रकाश. केप्लर दुर्बिणीच्या नोंदींवर ही युक्ती वापरून २०१८ मध्ये तब्बल ३४१ नव्या जोडताऱ्यांची माहिती प्रसिद्ध झाली.

अर्थात भोंगा वाजवणाऱ्याचंच घड्याळ बिघडलेलं असू शकतं. गेल्या शतकात ध्रुवाचा स्पंदनकाळ वर्षाला सुमारे साडेचार सेकंदांनी वाढत होता. त्यामुळे वेळेचा पुरावा वर्णपटाशी पडताळून घ्यावा लागतो.

एवढी खटपट कशासाठी? ध्रुव हा सेफीड प्रकारचा तारा. दूरच्या दीर्घिकांची अंतरं याच ताऱ्यांच्या तेजावरून मोजतात. सोबत्याचा प्रकाश त्यात नकळत मिसळला तर मापच चुकतं. उलट, सोबती सापडला की त्याच्या कक्षेवरून ताऱ्याचं वजन काढता येतं. २०२४ मध्ये ध्रुवाचं वस्तुमान सूर्याच्या सुमारे ५.१ पट निघालं, ते याच मार्गाने.

हा जवळचा सोबती डोळ्यांना दिसेल असा पहिल्यांदा टिपला हबल दुर्बिणीने, २००५ मध्ये. तेव्हापासूनची त्याची एक फेरी २०३५ च्या सुमारास पूर्ण होईल.